खेळणारा आणि बघणारा : व्हिडिओ गेमच्या पडद्यासमोरच्या दोन जागा



मागच्या महिन्याचं व्याख्यान संपलं, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती, तेव्हा एक आजोबा आमच्यापाशी आले. म्हणाले, "नातू गेम खेळतो म्हटलं तर एक वेळ समजू शकतो. आम्हीही गोट्या खेळलो, रात्र रात्र पत्ते कुटले. पण हा खेळतच नाही. दुसरा कोणीतरी खेळतोय ते दोन-दोन तास बघत बसतो. याला काय म्हणायचं?" आम्ही तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. ते त्यांना पटलं नाही आणि घरी जाताना आम्हालाही पटेना. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. हे व्याख्यान आम्ही दोघा चुलत भावांनी मिळून तयार केलं आहे, आणि आमच्यातला एक खेळणारा आहे, दुसरा बघणारा. म्हणजे अगदी नव्वदच्या दशकापासून. घरात टीव्हीला जोडायचा गेम आला, त्याबरोबर दोन रिमोट आले. त्यातल्या एकाचं बटण महिन्याभरात बसलं ते बसलंच. मग एक जण खेळणार आणि दुसरा मागे बसून "अरे उडी मार, उडी मार" ओरडणार, अशी वाटणी झाली. ती आजतागायत टिकून आहे. (हशा) तेव्हा या विषयात आम्ही दोघेही पक्षकार आहोत, हे ध्यानात ठेवूनच ऐका.

आता पहिली गोष्ट. दुसऱ्याचा गेम बघत बसणं हे काही मोबाइल आल्यावर सुरू झालेलं खूळ नाही. 1958 साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ तयार केला. खेळणारे दोन आणि बाकीची सगळी रांग बघणारी! व्हिडिओ गेमच्या अगदी जन्मापासून बघे हजर आहेत.

आपल्याकडे ज्यांनी गेम पार्लर पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एक मशीन, एक खेळणारा, मागे पाच-सहा पोरं. 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' हा 1993 चा गेम, पण त्याला त्या नावाने कोण ओळखायचं? आपल्याकडे तो 'मुस्तफा'. त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा, म्हणून गेमचंच नाव मुस्तफा पडलं. नाणं एकाचंच असायचं, पण कुठल्या पिंपात खायला काय आहे, कुठला राक्षस कुठून येतो, हे मागच्या सगळ्यांना पाठ. मधूनच मालक ओरडायचा, "खेळायचं नसेल तर बाहेर व्हा." त्याच्या हिशेबाने बघणारा म्हणजे फुकटा. पण उद्या खिशात नाणं आलं की हाच बघणारा त्याचं गिऱ्हाईक होणार होता, आणि आल्या आल्या पहिल्या मिनिटात मरायचा नाही, कारण सगळं बघून ठेवलेलं होतं.

किंवा 'सुपर मारिओ ब्रदर्स' घ्या, 1985 चा. त्यात दोघांनी खेळायचं म्हटलं तरी एका वेळी एकच खेळतो. मारिओ मेला की लुईजीचा चान्स. म्हणजे दुसऱ्याने बघत बसणं हे गेमच्या रचनेतच होतं. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी छताच्या विटांवर चढून सरळ पुढे चालत गेलं की एक लपलेली खोली लागते, आणि तिथल्या नळातून थेट चौथ्या जगात जाता येतं. ही गोष्ट स्वतःहून शोधून काढलेला माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. सगळ्यांनी ती कोणाच्या तरी पाठीमागे बसून पाहिलेली असते.

तर बघणं जुनं आहे. पण जुनं आहे म्हणून ते खेळण्याची बरोबरी करतं का? इथे जरा थांबावं लागेल. 'गेम' हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या वस्तूंना लावतो. काही गेमचा जीव हातात असतो आणि काहींचा माहितीत. बघण्याने काय मिळतं आणि काय जातं, हे त्यावर ठरतं.

आधी हाताचे गेम घेऊ. मारामारी, नेमबाजी, गाड्यांच्या शर्यती. इथे बघण्याने एक गंमतशीर फसगत होते, आणि तिचा नीट अभ्यास झालेला आहे. मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन या शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2018 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. टेबलावर भांडी मांडलेली आहेत आणि खालचं कापड झटक्यात ओढायचं, भांडी जागची हलता कामा नयेत, ही करामत तुम्ही पाहिली असेल. त्यांनी काही लोकांना तिचा व्हिडिओ एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना वाटायला लागलं की आपल्यालाही हे जमेल. मग त्यांनी बाण फेकायच्या खेळावर तेच करून पाहिलं, आणि इथे लोकांकडून प्रत्यक्ष बाण फेकवून घेतले. पुन्हा पुन्हा पाहिलेल्यांचा विश्वास वाढला होता. नेम मात्र एकदाच पाहिलेल्यांपेक्षा जराही बरा नव्हता.

आम्हाला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग पुढेच आहे. दुसऱ्या एका प्रयोगात लोकांना हातचलाखीने पिना हवेत उडवून झेलण्याचा व्हिडिओ दाखवला आणि मग काहींना त्या पिना नुसत्या हातात धरायला दिल्या. उडवायच्या नाहीत, फक्त धरायच्या. तेवढ्यानेही त्यांचा फाजील विश्वास खाली आला. पिनेचं वजन किती, ती हातात कशी कलते, हे डोळ्यांना दिसत नाही. ते तळहाताला कळतं.

आमच्यातल्या बघणाऱ्याने हे वाचलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. तीस वर्षं "उडी मार" सांगतोय तो! (हशा)

पण याचीच दुसरी बाजू बघा. 2004 साली कॅलिफोर्नियात 'इव्हो' नावाची स्पर्धा झाली, मारामारीच्या गेमची जगातली सगळ्यात मानाची. 'स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक' या गेममध्ये जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर होते. दाइगोच्या खेळाडूचा जीव जवळपास संपलेला, पट्टीवर केसाएवढा उरलेला. या गेममध्ये नुसता मार अडवला, तरी मोठ्या हल्ल्यात थोडा थोडा जीव जातोच. म्हणजे अडवूनही मरणार. वाँगने मोठा हल्ला सोडला, एकामागून एक पंधरा लाथा. वाचायचा एकच मार्ग होता. प्रत्येक लाथ अंगाला लागण्याच्या नेमक्या क्षणी काठी मागे न ओढता पुढे, म्हणजे लाथेच्या दिशेने ढकलायची. त्याला पॅरी म्हणतात. वेळ चुकली की खलास. दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा तशा झेलल्या, उलटा मारा केला आणि ती फेरी जिंकली. त्याचा व्हिडिओ आजही लोक काढून बघतात. सभागृहातला आवाज असा आहे, की वानखेडेवर शेवटच्या चेंडूवर षटकार बसावा.

हा व्हिडिओ आम्ही आमच्या आईला दाखवला. आई म्हणाली, "छान आहे, पण तो एवढा वेळ नुसता उभा का होता?"

आईचं काहीच चुकलं नाही. पडद्यावर खरंच तेवढंच दिसतं. एक बाई लाथा मारते आहे आणि एक माणूस उभा आहे. त्या सभागृहातले लोक ओरडत होते, कारण त्यातल्या बहुतेकांनी ती काठी स्वतःच्या हाताने पुढे ढकलून पाहिलेली होती आणि ते चुकलेले होते. एक पॅरी किती कठीण हे हाताला माहीत असलं, की पंधरा म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. गल्लीत टेनिस बॉलने का होईना, पण खेळलेल्याला यॉर्कर खोदून काढणं म्हणजे काय ते कळतं, तसंच. जाता जाता सांगून ठेवतो, दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही. अंतिम सामन्यात तो हरला. पण ते फारसं कोणाच्या लक्षात नाही.

म्हणजे हाताच्या गेममध्ये बघण्याने हात तयार होत नाही. पण थोडा हात लागलेला असेल, तर बघण्याला डोळा येतो. कुस्तीच्या फडात ज्यांनी लहानपणी अंगाला माती लावून घेतली आहे, ते म्हातारे वर बसून डाव पडायच्या आधी डावाचं नाव सांगतात, ते उगाच नाही.

आता कोरियात जाऊ, कारण बघण्याला स्वतःचं वेगळं असं काय मिळतं, ते तिथे स्पष्ट दिसतं. 1997 च्या आर्थिक संकटानंतर दक्षिण कोरियात 'पीसी बांग' फार वाढली. तासावर कॉम्प्युटर भाड्याने देणारी दुकानं, आपल्या सायबर कॅफेसारखी. 1998 मध्ये 'स्टारक्राफ्ट' आला आणि अख्खा देश तो खेळायला लागला. 2000 साली तर ऑनगेमनेट नावाची दिवसभर गेम दाखवणारी वाहिनीच सुरू झाली. 2004 मध्ये बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर एका स्पर्धेचा अंतिम सामना झाला, त्याला लाखभर लोक आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

हे लोक नेमकं काय बघत होते? स्टारक्राफ्टमध्ये खेळणाऱ्याला सगळा नकाशा दिसत नाही. जिथे आपलं सैन्य नाही, तो भाग धुक्याखाली असतो. शत्रू काय बांधतोय, कुठून येतोय, याचा अंदाज घ्यायचा, एखादा सैनिक पाठवून डोकावायचं. पण प्रेक्षकाला दोन्ही बाजूंचं धुकं उघडून दाखवतात. त्यामुळे प्रेक्षकाला माहीत असतं की डोंगराआड फौज दबा धरून बसली आहे. खेळणारा निवांतपणे आपली घरं बांधतोय. आता कळेल, मग कळेल... नाटकात खलनायक पडद्याआड उभा असतो, नायक बेसावध असतो, आणि आपला जीव वरखाली होतो, तोच हा प्रकार. 'काउंटर-स्ट्राइक'च्या प्रक्षेपणातही प्रेक्षकांना भिंतीपलीकडची माणसं आकृतीसारखी दाखवतात. खेळणाऱ्याला ती दिसली तर त्याला फसवणूक म्हणतात!

तेव्हा बघणारा हा कमी पैशातला खेळणारा आहे, हे पार्लरच्या मालकाचं मत आम्हाला मान्य नाही. खेळणाऱ्याला जे ठाऊक नसतं, ते बघणाऱ्याला ठाऊक असतं. त्याची भीती वेगळी, त्याचा आनंद वेगळा. घरी खेळतानासुद्धा हाच अनुभव येतो. खेळणाऱ्याची नजर नेम धरायच्या ठिपक्यावर खिळलेली असते. कोपऱ्यातून येणारा शत्रू मागे बसलेल्याला आधी दिसतो.

शिवाय बघणाऱ्याला सोबत हवी असते, ही साधी गोष्टही आहेच. जपानमध्ये 2003 पासून 'गेम सेंटर सीएक्स' नावाचा टीव्ही कार्यक्रम आहे. त्यात शिन्या अरिनो हा विनोदी कलाकार जुने अवघड गेम पूर्ण करायला बसतो. तो काही फार चांगला खेळत नाही. तासन् तास मरतो, कपाळाला हात लावतो, सहायक येऊन मदत करतात, तरी मरतो. लोक वर्षानुवर्षं ते बघत आले आहेत.

आता पैशांबद्दल बोलू. यावर बोलताना आपल्याकडे जरा टाळाटाळ होते. सोनीचा प्लेस्टेशन 5 भारतात 2021 मध्ये आला तो 49,990 रुपयांना. त्यावरचा नवा मोठा गेम चार-पाच हजारांचा. व्हिडिओ बघायला मात्र नुसता डेटा लागतो. 2014 मध्ये अॅमेझॉनने 'ट्विच' ही फक्त खेळ दाखवणारी कंपनी सुमारे 97 कोटी डॉलरला विकत घेतली. बघणाऱ्यांची किंमत त्या व्यापाऱ्यांना आपल्याआधी कळली होती. तर त्या आजोबांना आम्ही नंतर फोन करून विचारलं, नातू बघतो तरी कुठला गेम? ते नातवाला विचारून आले. बीजीएमआय. मग स्वतः का खेळत नाही? तर फोन जुना आहे, गेम अडकत अडकत चालतो, शंभर जणांत उतरला की हा पहिल्या मिनिटाला मरतो. आजोबा म्हणाले, "हे तो मला कधी बोलला नाही." आम्हीही त्यांना मागच्या महिन्यात हे विचारलं नव्हतं. एकाग्रता, आळस, पडद्याचं व्यसन, सगळं बोलून झालं होतं.

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो, माहितीच्या गेमकडे. इथे मात्र आमचं मत एकदम कडक आहे, आणि ते पोळून झालेलं आहे.

'आउटर वाइल्ड्स' हा 2019 चा गेम. एक छोटीशी सूर्यमाला, एक लाकडी-पत्र्याचं वाटावं असं यान, आणि तुम्ही एकटे. बावीस मिनिटं झाली की सूर्याचा स्फोट होतो आणि वेळ पुन्हा सुरुवातीला येते. एवढं पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात कळतंच, त्यामुळे सांगायला हरकत नाही. पुढचं सांगणार नाही. गंमत अशी, की या गेममध्ये तुम्ही काहीही कमावत नाही. तलवार नाही, जास्तीचा जीव नाही, यान सुधारत नाही. पहिल्या मिनिटाला जे तुमच्याकडे असतं, तेच शेवटच्या मिनिटाला. फक्त मधल्या काळात तुम्हाला काही गोष्टी कळलेल्या असतात. ज्याला सगळं ठाऊक आहे, तो पहिल्याच फेरीत गेम संपवू शकतो. म्हणजे तो गेम म्हणजेच ते कळणं आहे.

आमच्यातल्या खेळणाऱ्याने काय करावं? जेवताना काहीतरी लावायचं म्हणून कोणीतरी खेळलेला हा अख्खा गेम, दीडपट वेगाने, आठवडाभरात बघून टाकला. आवडला म्हणून मग विकत घेतला. खेळायला बसला, आणि करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. प्रत्येक दार कसं उघडतं ते माहीत. कुठे काय दडलंय ते माहीत. मारिओ हजार वेळा बघितला तरी उडी आपल्यालाच मारावी लागते, म्हणून तो शिल्लक राहतो. हा मात्र एकदा बघितला आणि संपला. विसरून पुन्हा खेळतो म्हटलं तर विसरता येत नाही. कोणी म्हणेल, रहस्यकथेचंही असंच असतं की. तर नाही. रहस्यकथा दुसऱ्याने वाचून दाखवली तरी रहस्य आपल्यालाच उलगडतं, कारण लेखकाने ते श्रोत्यासाठीच मांडलेलं असतं. इथे कुठे वळायचं, काय तपासायचं, कशावर शंका घ्यायची, हे त्या व्हिडिओतल्या माणसाने ठरवलं. शोध त्याला लागला, आम्हाला फक्त निकाल कळला.

त्यावर आम्ही एक उपाय केला, तो सांगतो. तीस वर्षांत पहिल्यांदा जागा बदलल्या. बघणाऱ्याच्या हातात रिमोट दिला, त्याने काहीही पाहिलेलं नव्हतं, आणि खेळणारा मागे बसला. अट एकच, तोंड उघडायचं नाही. वीसेक संध्याकाळी हे चाललं. समोरचा अगदी उत्तराच्या दारापाशी जाऊन मागे फिरायचा, आणि मागचा उशीत तोंड घालायचा. एके रात्री समोरच्याने यान मध्येच थांबवलं, दोन मिनिटं काही केलं नाही, आणि मग हळूच म्हणाला, "अरे, म्हणजे ते..." त्या "म्हणजे"साठी मागचा वीस दिवस बसला होता. स्वतःचा हुकलेला क्षण त्याला दुसऱ्याच्या तोंडावर दिसला. हा गेम आवडलेले लोक पहिल्यांदा खेळणाऱ्या अनोळखी माणसांचे व्हिडिओ शोधून शोधून का बघतात, ते आम्हाला तेव्हा कळलं.

अजून एक गेम घेऊन थांबतो, कारण तो या दोन्हींत नीट बसत नाही. 'पेपर्स, प्लीज', 2013 चा, लुकास पोप यांनी बनवलेला. तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे तपासनीस आहात. कागद बघायचे, शिक्का मारायचा. संध्याकाळी पगारातून घरच्यांचं जेवण, औषध आणि शेगडी भागवायची. एक माणूस येतो, त्याचे कागद बरोबर आहेत. जाताना म्हणतो, मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. सोडलं तर तुमच्या नावावर चूक लागते, आणि एका दिवसात चुका वाढल्या की पगार कापला जातो. आमच्यातला बघणारा मागून लगेच म्हणाला, "जाऊ दे ना तिला." खेळणाऱ्याने शिक्का हातात घेतला आणि थांबला, कारण त्या दिवशी त्याच्या दोन चुका आधीच झाल्या होत्या आणि घरी मुलगा आजारी होता. त्याने लाल शिक्का मारला.

त्यावर आमचं भांडण झालं. खरंखुरं, दोन दिवस न बोलण्याइतकं. बघणाऱ्याचं म्हणणं, एवढी माणुसकी नको का? खेळणाऱ्याचं म्हणणं, पगार तुझा कापला जात नव्हता. पुढच्या आठवड्यात बघणारा एकटाच तो गेम खेळला. त्या बाईच्या वेळी आपण काय केलं, ते त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही. आत्ताही तो मान हलवतोय. (हशा)

असो. आमच्याकडची पंचेचाळीस मिनिटं झाली. ते आजोबा आज आले आहेत, तिसऱ्या रांगेत, आणि शेजारी त्यांचा नातू आहे. पहिला प्रश्न त्याला विचारू द्या. माइक जरा तिकडे द्या.